शंकाबाईंची यादी

ग्रंथालयात सगळे त्यांना शंकाबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. नवीन आलेल्या पुस्तकाला क्रमांक द्यायचा, त्याचं कार्ड लिहायचं आणि ते योग्य खणात लावायचं. ऐकायला सोपं, पण शंकाबाईंच्या टेबलावरून पुस्तक सहजासहजी सुटत नसे. मधमाश्यांवरचं पुस्तक प्राण्यांत लावायचं की शेतीत? बाहेर लेखकाचं नाव एक आणि आतल्या पानावर दुसरं, मग खरं कुठलं? ग्रंथपाल हात जोडायचे.

"बाई, लावा हो कुठंही. माणसं शोधतील."

"माणसांना शोधायला लागू नये म्हणून तर आपण आहोत," बाई म्हणायच्या आणि पुन्हा पान उलटायच्या.

मग कार्डं गेली आणि संगणक आला. बाकीच्यांनी तक्रारी केल्या. बाईंनी दोन वर्षं बसून चाळीस हजार कार्डं एका बोटानं संगणकात उतरवली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सहकाऱ्यांनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. वर्षभरात यजमान गेले. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. शांत माणूस. बाईंच्या शंका ऐकून घेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर विनातक्रार केलं होतं. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकीतून दिसणारी धुलाईच्या कारखान्याची मागची बाजू. तिथं दिवसभर पांढऱ्या चादरी तारेवर चढायच्या आणि उतरायच्या. बाई कधी कधी त्या मोजत बसायच्या. मोजून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटायची.

अशात एक दिवस भाचीचा फोन आला. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी; घरी बसून घरांचे नकाशे काढायची. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. तिला एकच मुलगी, नऊ वर्षांची.

"मावशी, आम्ही छोटीला शाळेतून काढलं."

"काढलं म्हणजे?"

"काढलं म्हणजे काढलं. सहा महिने झाले, ती शाळेत एक शब्द बोलत नाही. आता बाहेरच्या कुणाशीच बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्यावर जोर करू नका, वेळ द्या. मी घरीच शिकवणार आहे. पण मला काय येतं गं? भिंती आणि दारं सोडून! नेटवर म्हणे फुकट खूप काही असतं. तू शोधून दे ना. तुला तेच काम यायचं. आणि तुला आता वेळच वेळ आहे."

शेवटचं वाक्य बाईंना लागलं. पण खोटं काय होतं त्यात? त्यांनी यजमानांच्या टेबलावरचा पसारा बाजूला केला, संगणक मांडला आणि कामाला बसल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं की 'फुकट' हा शब्द जगात सगळ्यात जास्त फुकट वापरला जातो. एका ठिकाणी पहिले तीन धडे मोफत, चौथ्याला कुलूप. दुसऱ्या ठिकाणी सगळं मोफत, पण आधी फोन नंबर द्या, आणि नंबर दिला की रोज सकाळी एक गोड आवाजाची मुलगी फोन करून विचारणार, "मॅडम, आपल्या पाल्याच्या भविष्याबद्दल बोलायचं होतं." बाईंनी तिला सांगून पाहिलं की मला पाल्य नाही. ती म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, नातेवाइकांत असेल." तिसरीकडे धडा चांगला, पण दर दोन मिनिटांनी साबणाची जाहिरात नाचून जायची.

पण खरोखरीचं फुकटही होतं. कुठल्या तरी विद्यापीठानं आपले वर्ग उघडे करून ठेवले होते. एका वेधशाळेच्या पानावर रोज रात्रीच्या आकाशाचा नकाशा मिळायचा. एका संग्रहालयानं जुन्या हाडांची आणि शंखशिंपल्यांची रेखाचित्रं रंगवायला ठेवली होती. हजारो पक्ष्यांचे आवाज एका ठिकाणी जमवलेले होते. आणि कुणी एक निवृत्त गणिताचे मास्तर, घरातल्या भिंतीला फळा टेकवून अपूर्णांक शिकवायचे. मागं कुत्रं भुंकायचं, आणि मास्तर मधेच थांबून "गप रे" म्हणायचे. त्यांचा एकेक धडा जेमतेम पंधरा-वीस जणांनी पाहिलेला असायचा.

बाईंनी संगणकावर यादी सुरू केली, भाचीलाही नेटवर उघडता येईल अशी. नुसती नावं नाहीत. धडा कुठल्या वयाला, किती मिनिटांचा, खरंच फुकट की नावाला, जाहिराती किती, जुन्या फोनवर चालतो का, उतरवून ठेवता येतो का, छापता येतो का. आणि शेवटच्या रकान्यात 'शंका'. तिथं त्या लिहायच्या: 'अकराव्या मिनिटाला उत्तर चुकीचं सांगितलं आहे, फळ्यावर बरोबर आहे.' किंवा: 'बाई फार भरभर बोलतात. मुलांनी थांबवून थांबवून ऐकावं.' पुढं त्यांनी यादीच्या डोक्यावर एक ओळ टाकली: 'न पाहिलेला धडा या यादीत नाही.'

ती ओळ खरी ठेवायची म्हणजे सगळे धडे स्वतः करणं आलं. आणि शंकाबाई लहानपणापासून गणितात कच्च्या. शाळेत अपूर्णांक तर त्यांना कधी कळलेच नाहीत. आता त्रेसष्टाव्या वर्षी, चष्मा कपाळावर ढकलून, त्या भुंकणाऱ्या कुत्र्याच्या मास्तरांसमोर वही घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "भागायचं म्हणजे काय? एवढ्यात तेवढे किती मावतात, एवढंच विचारायचं," आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्यात पाव दोन मावतात. म्हणून उत्तर दोन! म्हणजे भागूनही संख्या मोठी होऊ शकते! पन्नास वर्षं त्या हे नुसतं पाठ म्हणत आल्या होत्या.

त्या खुर्चीतून उठल्याच. कुणाला तरी सांगायला हवं होतं. बहिणीला फोन लावला.

"अगं, अपूर्णांकांचा भागाकार मला आज कळला."

"बरं," बहीण म्हणाली. मागं मिक्सर चालू होता. "जेवलीस का?"

"जेवले."

"मग ठेवू?"

बाईंनी मास्तरांच्या धड्याखाली दोन ओळी लिहिल्या: 'आपला धडा फार आवडला. आपली विद्यार्थिनी, वय त्रेसष्ट.' मग वय खोडलं, आणि पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. शेवटचा धडा पाच वर्षांपूर्वीचा होता, हे त्यांनी नंतर पाहिलं.

दर गुरुवारी त्या दोन बस बदलून भाचीकडे जात. भाची तिच्या नकाशांवर वाकलेली असायची, आणि बाई छोटीला घेऊन बसायच्या. छोटी त्यांच्याशीही बोलत नसे. बोट दाखवायची, मान हलवायची, फार तर बाही ओढायची. बाईंना त्याचा त्रास झाला नाही. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला गप्प बसणाऱ्यांची सवय असते. दोघी शंखशिंपले रंगवायच्या. पक्ष्यांचे आवाज लावून कुठला कुणाचा ते चित्रांतून ओळखायच्या. बाई हटकून चुकायच्या. छोटी डोळे मोठे करून बरोबर चित्रावर बोट ठेवायची.

असे आठ महिने गेले. एका गुरुवारी घुबडाचा आवाज लावला होता. तो संपला आणि बाई पुढच्या आवाजाकडे वळल्या.

"परत," छोटी म्हणाली.

आवाज बारीक, घोगरा, खूप दिवस बंद असलेल्या दारासारखा. आतल्या खोलीत भाचीच्या हातातली पट्टी खाली पडल्याचं ऐकू आलं. बाईंनी वर पाहिलं नाही. आपण पाहिलं तर तो शब्द पळून जाईल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी घुबड पुन्हा लावलं. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी चष्मा तीन वेळा पुसला.

एक शब्द आला, मग दोन. वर्षभरात छोटी आईशी भांडायला लागली, म्हणजे सगळं ठीक झालं. आणि एका मंगळवारी भाचीचा फोन आला.

"मावशी, आनंदाची बातमी! छोटी स्वतःहून म्हणाली, मला शाळेत जायचंय. दुसऱ्या शाळेत घातलं, लहान शाळा आहे. दोन दिवस झाले, मजेत आहे."

"दोन दिवस झाले?"

"हो, गडबडीत सांगायचंच राहिलं. तू म्हणून हे झालं बघ. आता तुझी सुटका!"

"छान झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून छान वाटलंही. परवाच्या गुरुवारसाठी त्यांनी ज्वालामुखीचा धडा काढून ठेवला होता. सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग पिशवीत भरून दाराशी तयार होता.

गुरुवारी नेहमीच्या वेळी त्यांनी साडी बदलली. मग पुन्हा घरातली नेसली.

आता यादी कुणासाठी ठेवायची? पुसून टाकावी म्हणून त्यांनी ती उघडली, तर वरच्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी दिसलं. पूर्वी कधी नीट पाहिलं नव्हतं. छोटी छोटी रंगीत वर्तुळं, आणि प्रत्येकात एकेक प्राणी. एक कोल्हा, एक पाणमांजर, एक कासव. बोट टेकवलं की लिहून यायचं: अनामिक कोल्हा. अनामिक कासव.

त्यांनी भाचीला विचारलं.

"अगं, मी यादी एका आईला दिली होती. तिनं पुढं दिली असेल," भाची म्हणाली. "घरी शिकवणारी बरीच कुटुंबं आहेत, मावशी. ती लोकं बघत असतील. नाव न देता उघडलं की असा प्राणी दिसतो."

म्हणजे यादी चालू होती. कुणीतरी, कुठल्या तरी घरात, या क्षणी तिच्यावरून नजर फिरवत होतं. बाईंनी पुसायचा विचार सोडून दिला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून सकाळीच टेबलाशी बसल्या आणि एकेक दुवा उघडून पाहायला लागल्या. पानं बंद पडतात, पत्ते बदलतात, फुकट असलेलं गुपचूप विकतचं होतं. चारशे बारा दुवे होते. रोज साठ तपासले की आठवड्यात एक फेरी व्हायची. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

प्राणी यायचे, जायचे. बाईंना त्यांची सवय झाली. कोल्हा उतावळा, दोन मिनिटांत पसार. कासव मात्र रोज अकराच्या सुमारास यायचं आणि तासभर थांबायचं. बाई चहाचा कप घेऊन तेव्हाच बसायला लागल्या. "आलात?" त्या कासवाला म्हणायच्या. "बसा. आज रसायनशास्त्राची तीन पानं बंद पडलीत. जगात कुणाचा भरवसा राहिलेला नाही." मनात त्यांनी कासवाचं घरही उभं केलं. एक सावकाश स्वभावाची आई, दोन मुलं, खिडकीत रोपं. एकदा कासव चार दिवस आलं नाही, तर बाईंचा जीव टांगणीला लागला. पाचव्या दिवशी ते दिसलं तेव्हा त्यांनी यादीच्या तळाशी लिहून टाकलं: 'कासव, बरं आहे ना?' कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी त्यांनी ती ओळ पुसली.

सुट्टीत छोटी दोन दिवस राहायला आली. आता ती इतकी बोलायची की बाईंना मधेच हात वर करावा लागे. बाईंनी तिला कौतुकानं कासव दाखवलं. छोटी हसली.

"आजी, ते खरं कासव नाहीये. म्हणजे, रोजचं तेच माणूस नाहीये. कुणीही आलं की संगणक मनाला येईल तो प्राणी देतो. आज कासव एक जण, उद्या दुसरंच."

"पण अकरा वाजता नेमानं येतं ते."

"अकरा वाजता खूप जण येत असतील. त्यातला एक कासव होत असेल."

"असं होय," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी छोटीला घरात बसायचं नव्हतं. तिला बाहेर फिरायला जायचं होतं. त्या तिला घेऊन फिरून आल्या. पण त्यानंतर अकराचा चहा त्या स्वयंपाकघरात उभ्यानंच घ्यायला लागल्या.

पुढं त्यांनी यादीवर एक ओळ वाढवली: 'बंद दुवा आढळल्यास कळवावे', आणि खाली आपला फोन नंबर. तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. मागं भांड्यांचा खडखडाट होता.

"हॅलो, यादीचं ऑफिस का?" कुणा अनोळखी बाईचा आवाज होता, घाईचा.

"यादीचं... हो. बोला."

"तो आवाजाच्या लहरींचा धडा उघडत नाही. माझ्या मुलीचं पायाचं ऑपरेशन झालंय, वर्षभर झोपून आहे. तुमच्या यादीवरच शिकते ती. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला असते, सुट्टीच्या वेळात फोन केला. तुमच्या साहेबांना सांगाल का?"

"साहेब कुणी नाही. मी एकटीच आहे."

पलीकडे क्षणभर नुसती भांडी वाजली. "एकट्याच? एवढं सगळं? आम्हाला वाटलं, मोठी संस्था असेल."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. मुलगी केवढी, तिला गणित आवडतं का, मास्तरांचं कुत्रं तिनं ऐकलं का. पण पलीकडे कुणीतरी हाक मारली आणि ती "बघा हं तेवढं" म्हणून गेली. शंकाबाईंनी दोन दिवस शोधून आवाजावरचे पाच धडे पाहिले, त्यातला सगळ्यात चांगला यादीत घातला आणि त्या नंबरवर फोन केला. "मिळाला का? देव भलं करो," कँटीनवाली म्हणाली, आणि फोन बंद झाला. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात भाचीनं कळवलं की घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एका सभागृहात मेळावा आहे. "जा ना मावशी. तुझीच माणसं आहेत."

बाई गेल्या. ठेवणीतली साडी, पिशवीत यादीची नवी छापील प्रत. सभागृहात शंभरेक माणसं होती. मुलं जमिनीवर पुठ्ठ्याचे पूल बांधत होती. दाराशी एका तरुण बापानं त्यांना खुर्ची दिली आणि हातात कागदांचा गठ्ठा ठेवला.

"नातवंडांना घरी शिकवता का आजी? मग ही यादी घ्या. आम्ही सगळे हिच्यावरच चालतो. फक्त सातव्या पानावरचा पहिला दुवा बंद आहे."

"तो मी मागच्या महिन्यात बदलला," बाईंच्या तोंडून गेलं. "तुमची प्रत जुनी आहे."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. "म्हणजे त्या शंका... तुमच्या?"

मग एकच गलका झाला. त्यांना पुढं नेलं, टाळ्या वाजवल्या. एका आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती रडायलाच लागली. कुणी विचारलं, पहिला धडा कुठला पाहिला; कुणी म्हणालं, तुमची ती 'बाई फार भरभर बोलतात' ही शंका आमच्या घरी रोज वापरतात, माझ्याबद्दल! सगळे हसले. बाईही हसल्या. इतक्या माणसांनी एका वेळी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

तासाभरानं तो तरुण आणि आणखी चौघं त्यांच्याभोवती बसले. तो संगणकाचं काम करणारा होता. आदरानं, सांभाळून बोलत होता.

"आजी, या वयात तुम्ही हे रोज हातानं तपासता, आम्हाला लाज वाटली. आम्ही ठरवलंय, याची नीट वेबसाइट करायची. बंद दुवे प्रोग्रॅम आपोआप शोधेल, एका रात्रीत सगळे. नवे धडे आम्ही वाटून घेऊ. तुमचं नाव सगळ्यात वर राहील. तुम्ही आता आराम करा."

बाईंना कळत होतं की तो बरोबर बोलतोय. शंका घ्यायला जागाच नव्हती. चांगलं व्हावं म्हणूनच तर त्यांनी हे केलं होतं, आणि आता ते त्यांच्यापेक्षा चांगलं होणार होतं.

"धडे पाहूनच घाला," त्या म्हणाल्या. "न पाहता घालू नका."

"अगदी," तो म्हणाला, आणि त्यांनी पासवर्ड त्याच्या वहीत आपल्या हातानं लिहून दिला. अक्षरं ठळक, ग्रंथालयातल्या कार्डावर असायची तशी.

महिन्याभरात वेबसाइट झाली. देखणी होती. बाईंनी ती दोन-तीनदा पाहिली. त्यांच्या शंका तिथं बारीक अक्षरांत होत्या, बोट टेकवलं तर दिसायच्या. फोन आता त्यांच्याकडे येत नसत. भाचीनं विचारलं, "बरं वाटतंय ना, मोकळं?" त्या "हो" म्हणाल्या. आठवडाभर सकाळची आंघोळ करून त्या टेबलाशी बसायच्या आणि काही न उघडता उठायच्या.

मग एका सोमवारी त्यांनी विद्यापीठाच्या पानावर बीजगणिताचा मोफत वर्ग उघडला. यादीसाठी त्यांनी त्याचे पहिले दोन धडे पाहिले होते. बाकीचे तसे पाहायचेच राहून गेले होते, आणि 'न पाहिलेला धडा' हे वाक्य त्यांना अधूनमधून टोचायचं. वर्गात नाव घालायचं तर अर्ज भरायचा होता. विद्यार्थ्याचं नाव: त्यांनी लिहिलं. वय: लिहिलं, आणि या वेळी खोडलं नाही. तिसरा रकाना होता 'पालकाचं नाव', आणि त्याच्यापुढं लाल चांदणी. रिकामा ठेवला तर अर्ज पुढं सरकेना.

आईचं नाव लिहावं का? आई जाऊन तीस वर्षं झाली होती. यजमानांचं? खिडकीबाहेर धुलाईवाले चादरी उतरवत होते. शेवटी त्यांनी तिथंही स्वतःचंच नाव लिहिलं आणि बटण दाबलं. अर्ज निमूट स्वीकारला गेला. संगणकाला काही शंका आली नाही.

पहिल्या चाचणीत दहापैकी चार बरोबर आले. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं, वहीचं पान उलटलं आणि चुकलेल्यातला पहिला प्रश्न पुन्हा सुबक अक्षरात उतरवून घेतला.